फाळक्याची उंची

आधी माफी मागतो. माणसांना संकटातून बाहेर काढायला गाडी कोणती घ्यावी, यावर लिहिण्याइतका मी कुणी नाही. अशा संकटात मी स्वतः एकदाही सापडलेलो नाही. ज्या दिवशी आमच्या माणसांवर वेळ आली, त्या दिवशी मी कोपरखैरण्यात कोरड्या कपड्यांत होतो. गाडीचा परवाना माझ्याकडे आहे, पण घाटात अजून कुणी माझ्या हाती स्टिअरिंग देत नाही. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे चार ओळी लिहिल्या की वाटतं, मागून कुणीतरी येईल आणि विचारील, तुला बोलायला कुणी सांगितलं? तरी लिहितो. नवी मुंबईत आमच्यासारखी घरं पुष्कळ आहेत, ज्यांचं एखादं माणूस अजून डोंगराखाली किंवा नदीच्या काठी राहतं. आमची चूक त्यांना आधी कळली तर बरं.

आमचं असं माणूस म्हणजे माझी आत्ती, वडिलांची थोरली बहीण. साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगावर पंधरा-वीस घरांची आमची वाडी आहे. तिथे सगळ्यात वरचं घर तिचं. रस्ता खाली पाण्याच्या टाकीपाशी संपतो. तिथून तिच्या दारापर्यंत पायवाट, आणि दारामागे लगेच डोंगर.

माझे वडील, म्हणजे आप्पा, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी आहेत. मी दोन वर्षांचा असताना ते आणि आई टोळीतल्या आणखी दोन कुटुंबांबरोबर एका खोलीत राहायचे, आणि आईही कामाला जायची. म्हणून मला आत्तीजवळ ठेवलं. तिला मूलबाळ नव्हतं आणि नवरा लवकर गेला होता. सहावीत मला इकडे आणलं. तोवर आईवडील म्हणजे मला दिवाळीला येणारे पाहुणे वाटत.

शाळा ओढ्यापलीकडे होती. पावसाळ्यात आत्ती मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायची. वरून आम्हां दोघांवर एकच इरलं. आतून मला बाहेरचं काहीच दिसायचं नाही. दिसायचा तो तिचा एक कान आणि त्यातली बुगडी. पाणी गुडघ्याला लागलं की तिचा श्वास बदलायचा, त्यावरून मला कळायचं की आपण मध्यावर आलो. मी तेव्हा भीत नसे. पुढे नवी मुंबईत, पक्क्या इमारतीत, पक्क्या रस्त्यावर मी पुष्कळ वेळा भ्यालो आणि तेव्हा मला तो कान आठवला.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वाडीच्या मागे जमिनीला भेग पडली. आत्तीच्या घरामागचा झरा एका सकाळी तांबडा वाहू लागला. म्हणजे डोंगराच्या पोटात माती सुटत होती. सगळ्यांना खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत हलवलं. आत्तीचे गुडघे तोवर गेले होते. तिला चालता येईना, म्हणून चार जणांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून, काठी खांद्यावर घेऊन तीन मैल खाली नेलं. त्या वेळी डोंगर आला नाही. आठ दिवसांनी सगळे परत गेले. पण फोनवर ती मला म्हणाली, "मढं नेत्यात तसं नेलं रं मला. आभाळाकडं तोंड करून. बाया दारात हुभ्या राहून हात जोडायला लागल्या. आता पुन्यांदा मी न्हाय जायाची. डोंगर आला तर येऊ दे घरात."

"आत्ती, असं काय बोलतीस?"

"बसून नेत असला तर येईन. आडवी न्हाय येनार."

हे आप्पांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी भाकरीचा घास तसाच ताटात ठेवला. म्हणाले, "मग गाडी घ्याय पायजे." जेवण झाल्यावर माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तू शिकलायस. कंची घ्यायची ते तू सांग."

घरातला एवढा मोठा निर्णय आप्पांनी माझ्यावर सोपवण्याची ती पहिली वेळ. मी तो अभ्यासासारखा घेतला. वही केली. कॉलेजच्या वाचनालयात गाड्यांची मासिकं चाळली, मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ पाहिले. दाढीवाले लोक मोठमोठ्या गाड्यांसमोर उभे राहून सांगत, महापूर आला, वणवा लागला, तर या गाडीत बसा आणि निघा. मागे डबाबंद जेवण, पाणी गाळायचं यंत्र, फावडं, तंबू. मी वहीत रकाने आखले : जमिनीपासून उंची, चारही चाकांना जोर, पाण्यात श्वास घ्यायला वर काढलेलं नळकांडं, टाकीत किती इंधन. शेवटी एका उंच, रुंद गाडीला मी सगळ्यात जास्त गुण दिले.

खरं सांगायचं तर त्या गुणांत माझी हौस मिसळलेली होती. ती गाडी मी चालवतोय, शेजारी आत्ती बसलीय, पाम बीच रोडवरून आम्ही सरळ चाललोय आणि ती खाडीकडे बघतेय, असं मला दिसायचं. तिने अजून खाडी पाहिलेली नाही. संकटाची गाडी निवडता निवडता मी तिला फिरायला घेऊन निघालो होतो.

गाडी जुनीच घ्यायची होती. मार्केटात आप्पांची टोळी ज्या गाळ्यावर माल उतरवते, त्या तांदळाच्या व्यापाऱ्यांच्या धाकट्या भावाचं करंजाडेला जुन्या गाड्यांचं आवार आहे. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे. आप्पा त्यांना भाई म्हणतात, मी चाचा म्हणू लागलो. एका रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे गेलो. चाचांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, माझी वही चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली.

"भारी लिवलंस बाबा," ते म्हणाले. "पन लढाई कोनाशी आहे आपली?"

मी ओशाळलो. मग वाडीचं, डोंगराचं, आत्तीचं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. वही मिटून त्यांनी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "रस्ता किती रुंद?"

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी त्या रस्त्यावर खेळलो होतो.

आप्पांनी दोन्ही हात पसरून दाखवले. "एवढा. वर एक कोपर."

"मंग ही तुमची मोठी गाडी आत जाईल, पन वळनार कुठं? मागं मागं यावं लागेल. पावसात, डोंगराच्या कडेला. बिघडली तर मिस्त्री?"

"पुतण्या हाय माजा, शेजारच्याच घरात," आप्पा म्हणाले. "पुण्याला डंपर चालवायचा. ती तसली गाडी त्याला उघडता येती." त्यांनी कोपऱ्यातल्या एका छोट्या पिकअपकडे बोट केलं. दोन चाकं पुढे, दोन मागे, छोटी केबिन, आणि मागे उघडा हौदा. भाजी आणि सिलिंडर वाहणारी गाडी. माझ्या वहीत तिला रकानाच नव्हता.

"शीएनजी घ्या मामा, परवडते," आवारातला एक माणूस म्हणाला.

"तितं म्हशीला पाणी मिळायची मारामार, शीएनजी कुठला आणू?"

सगळे हसले. मी मात्र हट्टाने म्हणालो, "आप्पा, पण आत्तीला हौद्यात बसवायचं? नीट सीटवर बसली तर बरं नाही का?"

आप्पा उठले. उंच गाडीपाशी गेले, दार उघडलं, आणि माझ्याकडे पाठ करून किंचित वाकले. "चढ."

"काय?"

"पाठीवर चढ. तू आत्ती."

"आप्पा, लोक बघतायत."

"बघू द्यात की. टाकीपासनं वर तिच्या दारापातूर गाडी जात न्हाय. तिथनं तिला पाठीवरच आणाय लागंल. पाठीवर चालंल तिला. पाठीवर जित्या माणसाला घेत्यात."

मी चढलो. वीस वर्षांचा, त्यांच्यापेक्षा वीतभर उंच मुलगा. पाय खाली लोंबत होते. आवारातून कुणी ओरडलं, "मामा, पोराचं लग्न करा आता, पाठीवर काय घेता!"

"लगीन झाल्यावर त्याची बायकू घेनार हाय व्हय पाठीवर?" आप्पांनी तसंच उत्तर दिलं आणि मागे मागे सरत उंच गाडीच्या दारापाशी आले. मला सीटवर ठेवायला त्यांना टाचा उंचवाव्या लागल्या. तरी सीट वर राहिली आणि माझं डोकं चौकटीवर आपटलं. "ऱ्हायलं हितंच," ते म्हणाले. मग एक बसकी व्हॅन पाहिली. तिच्यात मला ठेवताना त्यांना गुडघ्यात इतकं वाकावं लागलं की उठताना दाराला धरावं लागलं. "हितं माजी कंबर गेली. आन् ही वड्यातल्या दगडावर पोट घासंल."

मग पिकअप. तिच्या मागचा फाळका, म्हणजे हौद्याची खाली पडणारी लोखंडी झडप, चाचांनी स्वतः खोलली. ती साखळ्यांवर आडवी राहिली. आप्पा पाठमोरे झाले आणि चालू लागले. मान वळवली नाही, हात मागे करून चाचपलं नाही. चार पावलं मागे येऊन ते थांबले, आणि मी बसलेला होतो. खाली लोखंड कधी आलं, ते मला कळलंही नाही.

"पोतं घेताना मागं बघाय लागलं तर तो माथाडी न्हवं," आप्पा दम घेत म्हणाले. "फाळका पाठीला कळतो. ही उंची बराबर हाय."

ट्रकमधून पोतं घेताना फाळका पाठीच्या उंचीला असला की ओझं वर उचलावं लागत नाही, खाली सोडावंही लागत नाही, ते फक्त इकडून तिकडे सरकतं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. माझ्या वहीत गाडीची उंची जमिनीपासून होती. आप्पांनी ती माणसापासून मोजली.

मी फाळक्यावर बसून राहिलो. आप्पांच्या शर्टाला ताग आणि हळदीचा वास होता. पाठ टणक आणि गरम होती. त्या दिवसापर्यंत मी आप्पांच्या पाठीवर कधी बसलो नव्हतो. माझ्या लहानपणी ती पाठ मार्केटात होती. मला एकदम वाटलं की आणखी एकदा चढ म्हणावं. पण त्यांनी तोवर चाचांशी टायरचं बोलणं काढलं होतं.

मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत, हे मला माहीत आहे. तसं मी चाचांना म्हटलंही. ते म्हणाले, "रोज नको बसवू. पन डोंगर मागं लागला असताना पावती फाडायला कोन उभा राहनार तिथं?" मग त्यांनी हौद्यावर लोखंडी कमानी आणि ताडपत्री बसवून दिली, आत धरायला दोन्ही बाजूंना नळी लावली. चावी देताना स्वतःचं सांगितलं. त्यांच्या गावात एकदा खाडीचं पाणी शिरलं. दारात चांगली मोठी गाडी होती. पण ती शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून लावलेली, मागे लाकडाची रास. गाडी बाहेर काढता येईना, म्हणून सगळे छपरावर चढले आणि वरून गाडी बुडताना बघत बसले. "तोंड रस्त्याकडं ठेवायचं," ते म्हणाले. "आनि आठवड्याला एकदा चालवायची. नाहीतर ऐन वेळी बॅटरी मेलेली."

चाचांच्या माणसाने गाडी कोपरखैरण्याला आणून दिली. गल्लीत, रस्त्याकडे तोंड करून लावली. मी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन परवाना काढला. कामावरून आल्यावर आप्पा ती पुसायचे. शेजारी येऊन म्हणायचे, "मामा, सीवूड्सला घर शिफ्ट करायचंय, द्या ना एक फेरी." आप्पा नाही म्हणायचे. आई म्हणायची, "बहिणीची पालखी हाय ती, कुणाला शिवू द्यायचे न्हाईत." बेत ठरला होता : पावसाचा जोर वाढल्याची बातमी आली की मी आणि आप्पा निघायचं, घाटात गाडी चालवायला पुतण्याला वाटेत घाटाखाली बोलवायचं आणि आत्तीला खाली आणायचं. मी वहीत नवे रकाने आखले. कुठे डिझेल भरायचं, कुठला रस्ता बंद झाला तर कुठून जायचं. ही वही पहिलीपेक्षा चांगली झाली असं मला वाटत होतं.

मे महिन्यात आम्ही तालीम म्हणून गाडी गावी नेली. पुतण्या, ज्याला मी दादा म्हणतो, घाटासाठी मुद्दाम इकडे आला होता. आम्ही सकाळी सातला निघालो. घाटात एक कंटेनर आडवा झालेला, त्यात तीन तास गेले. पुढे रस्त्याचं काम. वाडीच्या टाकीपाशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आत्ती आधीच दाराशी बसलेली. आप्पा वर गेले, तिच्यापुढे पाठ करून वाकले.

"ह्ये काय आनि?"

"चढ अक्का."

"लहानपनी मी तुला घेतला, त्याची फेड व्हय ही?" असं म्हणत ती चढली. पायवाटेने खाली आणून आप्पांनी तिला न बघता फाळक्यावर ठेवलं. दादाला दोनदा तसंच करून दाखवलं, मग त्याच्याकडून करून घेतलं. "मान वळवू नगंस," आप्पा त्याला ओरडत होते. "पाठीला कळतंय." आत्ती फाळक्यावर ताठ बसली. पाय हलवून बघितले. नळी धरून बघितली. तिला गाडी आवडली होती हे मला दिसत होतं.

मग तिने विचारलं, "किती वाजता निगालता?"

"सातला."

तिने मावळतीकडे पाहिलं. "म्हंजी डोंगर हालला की मी तुमाला फोन लावायचा. तुमी सकाळी सातला निगनार. तवर मी डोंगराला सांगू व्हय, थांब जरा, मंबईहून गाडी निगालीय?"

दादा हसला. आप्पा हसले नाहीत. मीही नाही.

आमची चूक ती हीच. आता लिहिताना ती इतकी उघडी दिसते की लाज वाटते. पण आमच्यासारख्यांनाच ती होते. आमच्या वाडीला लागेल ते सगळं मुंबईहून जातं. औषध, लुगडं, चष्मा, पंखा, लग्नाच्या पत्रिका. मदत म्हणजे मुंबईहून निघणारी गोष्ट, हे आमच्या अंगात इतकं मुरलेलं की गाडी संकटापाशी ठेवायची असते, आपल्यापाशी नाही, हे आम्हां दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं. आणि थोडं असंही होतं की तिला आणायला आम्हालाच जायचं होतं. आप्पांना ती स्वतःच्या पाठीवर हवी होती. मला ती माझ्या शेजारी बसलेली हवी होती.

गाडी वाडीतच ठेवली. टाकीपाशी, तोंड खाली रस्त्याकडे, चाकाला दगड लावून. एक चावी दादाकडे, दुसरी आप्पांनी खिशात घातली. ठरलं ते एवढंच : झरा तांबडा झाला की कुणालाही न विचारता, कुणाच्याही फोनची वाट न बघता निघायचं. दादानं ठरवायचं. आम्ही दोघं एसटीने परत आलो. खिडकीशी बसलेले आप्पा सगळी वाट खिशातली चावी चाचपत होते. घरी आल्यावर त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. गल्लीत गाडीच्या जागी तेलाचे दोन डाग राहिले होते. दुसऱ्या दिवशी तिथे कुणीतरी स्कूटर लावली.

त्यानंतर आत्तीचा फोन दर गुरुवारी येऊ लागला. गुरुवारी खालच्या गावचा बाजार. बॅटरीसाठी गाडी फिरवायची, तर बाजारालाच जाऊ, असं तिनेच ठरवलेलं. त्या दिवशी ती पुढे केबिनमध्ये बसायची. "शेनखत भरायला मागत हुते कोन कोन," ती सांगायची. "म्या न्हाय दिली. बसायची गाडी हाय म्हनलं, मान्साची." तिच्या आवाजामागे गाडीचं इंजिन ऐकू यायचं. फोन ठेवल्यावरही मी तो आवाज आठवत राहायचो. महापेच्या एका कंपनीत सुट्टीपुरतं काम करत होतो, तिथे जेवणाच्या वेळेत जिन्यात बसून. गाडी निवडायला मी निघालो होतो, पण तिच्या शेजारी बसून ती चालवणारा दादा होता, मी नव्हतो.

जुलैत पाऊस लागला आणि तिकडचे फोन बंद झाले. आधी दादाचा, मग आत्तीचा, मग वाडीतल्या कुणाचाच लागेना. बातम्यांत आमच्या तालुक्याचं नाव यायचं, वाडीचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पिशवी घेऊन पनवेलच्या एसटी स्टँडवर गेले. दुपारी परत आले. पुढे पूल बंद होते, गाड्या सोडत नव्हते. पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली, आत आणली नाही. आमची गाडी इकडे असती तर ती आमच्यासारखीच अडकली असती.

तिसऱ्या दिवशी ते कामावर गेले. म्हणाले, "घरी बसून काय करू? फोन पिशवीत बांधून ठिवतो." देव्हाऱ्यातली चावी त्यांनी उचलली, बघितली, परत ठेवली.

चौथ्या दिवशी दुपारी मी वाशीला कॉलेजात होतो. एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मी बोलतोय रं." दादा होता. आवाज बसला होता. "शाळंत हाय आमी. सगळी हायत. चालनारी चालत आली, बाकीची दोन फेऱ्यात आणली."

"आत्ती?"

"हाय की. हितंच बसलीया, च्या पितीया. पैल्या फेरीला यीना म्हनली, आधी ल्हान पोरं न्या. दुसऱ्या फेरीला म्याच पाठीवर घितली. आप्पांला सांग, मागं न्हाय बघितलं. पाठीला लागला फाळका."

मी विचारलं, "आणि झरा?"

"परवा पाटंपासनं तांबडा हुता. आमी खाली आलो आन् दुपारनंतर डोंगर आला. वरची तीन घरं गेली. आत्तीचं पैलं. काय बी न्हाय ऱ्हायलं तितं. वट्टा बी न्हाय. थांब, तिच्याकडं देतो."

आत्तीला फोन नीट धरता येत नव्हता, श्वासच जास्त ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "बसून आले रं मी. समदी बघत हुती. बसून आले."

घराचं ती काही बोलली नाही.

आप्पांचा फोन उचलला गेला नाही. मी रिक्षाने तुर्भ्याला गेलो. गाळ्यावर ट्रक लागला होता, आणि आप्पा पाठीवर पोतं घेऊन आत चालले होते. पाठीवर ओझं असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा मार्केटातला नियम मला इकडे आल्याआल्याच शिकवलेला. मी उभा राहिलो. त्यांनी मला पाहिलं होतं. तरी ते त्याच चालीने थप्पीपर्यंत गेले, पोतं नीट बसवलं, आणि मग वळले.

"आली खाली," मी म्हणालो. "सगळी आली."

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसत राहिले. टॉवेलामागूनच विचारलं, "कशी आली?"

"बसून."

"कुणी घितली पाठीवर?"

"दादानं."

"मागं बघितलं का त्यानं?"

"नाही. पाठीला लागला म्हणाला."

आप्पांनी मान हलवली. हात मागे नेऊन स्वतःच्या कमरेवर ठेवला, आणि हळूच थप्पीवर बसले. शेजारी थोडी जागा केली. मी त्यांच्याजवळ बसलो. मग त्यांना घराचं सांगितलं.